जाळं लावायचं कसं हे विचारलंस, मिटायचं कधी ते सांगते

तुझ्या प्रश्नाचा गोषवारा असा: दक्षिण ॲरिझोनातल्या सॅन पेड्रो नदीवर मे ते ऑगस्ट पक्षी पकडून त्यांना कड्या घालणाऱ्या टीममध्ये जागा मिळाली आहे. पारा चाळीसच्या वर जातो असं ऐकून धास्ती वाटते. जाळ्यातून सोडवताना पाखरू हातातच दगावलं तर काय, हीही धास्ती आहे. जाळं लावायचं कसं, आणि निघण्याआधी घरी काय सराव करता येईल? शिवाय आई विचारते, एवढ्या लांब जाऊन पाखरांच्या पायांत वाळे घालून मिळतं काय?

मी या नदीवर आणि तिच्या शेजारपाजारच्या ओढ्यांवर अकरा उन्हाळे काढले. जाळं लावायला तू दोन दिवसांत शिकशील. पाखरू सोडवायला तीन आठवडे धर. जाळं कधी मिटायचं हे समजायला मला दोन उन्हाळे लागले आणि ते मी एका पिल्लाच्या जिवावर शिकले. म्हणून या उत्तरातला मोठा भाग मिटण्याबद्दल आहे.

आधी जागा समजून घे. सॅन पेड्रो मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत ॲरिझोनात शिरते, विंकलमनजवळ हीला नदीला मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही, ही त्या भागातली दुर्मिळ गोष्ट. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने तिचा वरचा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा राखीव केला. पण नदी म्हटल्यावर कृष्णा-गोदावरी डोळ्यांपुढे आणू नकोस. जूनमध्ये कुठे घोटाभर पाणी, कुठे नुसती वाळू. काठाने कॉटनवुड आणि विलो या झाडांची हिरवी पट्टी, तिच्यामागे मेस्कीटचं रान. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड, काटाही तसाच. ही पट्टी संपली की लगेच रखरखीत माळ. त्यामुळे आसपासची सगळी पाखरं या चिंचोळ्या सावलीत गोळा झालेली असतात. मेमध्ये उत्तरेकडे निघालेले प्रवासी पक्षीही इथेच उतरतात. जाळ्यात भरपूर पक्षी येण्याचं कारण हेच आणि धोक्याचं कारणही हेच. जाळी तपासायच्या एका फेरीत तीन पक्षी मिळणाऱ्या जाळ्यात पुढच्या फेरीत अठरा मिळू शकतात.

मिस्ट नेट तू हातात धरलं नसशील, म्हणून चार वाक्यं. बारा मीटर लांब, साधारण अडीच मीटर उंच, काळा बारीक धागा, ताणल्यावर तीस मिलिमीटरचं भोक. आडव्या दोऱ्यांनी त्याचे चार मजले होतात आणि प्रत्येक मजल्यावर जाळं मुद्दाम ढिलं सोडलेलं असतं. पाखरू आदळतं आणि त्या ढिल्या झोळीत खाली पडून लोंबतं. जाळं जास्त ताणलंस तर पक्षी चेंडूसारखा उसळून जातो. फार ढिलं सोडलंस तर झोळी जमिनीला टेकते. वाळवंटात झोळी जमिनीला टेकली की मुंग्या आल्याच. खालची दोरी पक्ष्याच्या वजनानंतरही वीतभर वर राहील अशी बांध. मोठं पाखरू पडेल असं धरूनच बांध, चिमणी पडेल असं धरून नाही.

जागा निवडताना आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता, जाळ्यासाठी झाडीतून काढलेल्या गल्लीत जाऊन उभी राहा. पहाटे सगळीकडेच सावली असते, त्यामुळे पहाटे पाहून काही कळत नाही. मला नऊची, दहाची सावली हवी असते. उन्हातलं जाळं पाखरांना दिसतंही, म्हणजे कमी पक्षी मिळतात आणि जे मिळतात ते भाजतात. आमच्या एका ठाण्यावर, म्हणजे पक्षी पकडायच्या ठरलेल्या जागी, सात नंबरचं जाळं कुणीतरी पूर्वी कॉटनवुडच्या पूर्वेला लावून ठेवलं होतं आणि ‘जागा बदलली तर आकडे बिघडतील’ म्हणून वर्षानुवर्षं तिथेच होतं. साडेसातला त्यावर ऊन यायचं. मग आम्ही ते रोज साडेसातला मिटायचो आणि वहीत तसं लिहायचो. आकडे काही बिघडले नाहीत.

आता वेळ. तुमचं ठाणं बहुधा ‘मॅप्स’च्या शिस्तीत चालेल. इन्स्टिट्यूट फॉर बर्ड पॉप्युलेशन्स या कॅलिफोर्नियातल्या संस्थेने १९८९ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम. साधारण दहा जाळी, सूर्योदयापासून सहा तास, दर दहा दिवसांतून एक दिवस. ॲरिझोनात जूनच्या मध्यावर सव्वापाचच्या सुमारास उजाडतं, म्हणजे कागदावर सव्वाअकराला काम संपतं. एक जाळं एक तास उघडं राहिलं की एक ‘नेट-तास’, म्हणजे दिवसाचे साठ. हे साठ पुरे करायचा मोह फार वाईट.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी ज्या टीममध्ये होते तिथे हंगामाचे नेट-तास मागे पडले होते आणि सगळ्यांनाच ते डाचत होतं. जुलैचा पहिला आठवडा, दहा वाजून गेलेले, पारा छत्तीसवर. मी म्हणाले, अजून अर्धा तास काढू. कुणी नको म्हटलं नाही. पुढच्या फेरीत एका झोळीत बेविक्स रेन या लहानशा पक्ष्याची तीन पिल्लं एकत्र पडलेली होती, नुकतीच घरट्याबाहेर आलेली. त्यांना सोडवत असताना पलीकडच्या जाळ्यावर ऊन आलं, हे मला दिसलं नाही. त्या जाळ्यात चौथं पिल्लू होतं. मी पोचले तेव्हा चोच उघडी, डोळे मिटलेले. हातातच गेलं. ‘नको’ म्हणायला कुणी नव्हतं हे खरं, पण अर्धा तास मी मागितला होता.

असं झालं तर लपवायचं नाही. मृत्यूची नोंद तारीख, वेळ, जाळ्याचा क्रमांक आणि कारण यांसकट वहीत जाते. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक ठाण्यांच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सरासरी इजा ०.५९ टक्के आणि मृत्यू ०.२३ टक्के निघाले, म्हणजे हजार पक्ष्यांमागे दोन-तीन. हा आकडा निघू शकला तो लोकांनी आपले मेलेले पक्षी प्रामाणिकपणे लिहून ठेवले म्हणूनच. पण तो सरासरीचा आहे, त्यात गार हवेतली ठाणीही आली. ‘दोन-तीन चालतात’ असा त्याचा अर्थ लावणारा माणूस दिसला तर त्याच्याबरोबर जाळ्यावर जाऊ नकोस.

उष्णतेचं गणित असं. पक्ष्याला घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातल्या पाण्याची वाफ करतो आणि तसा गार होतो. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच एक्केचाळीस-बेचाळीस अंश असतं, म्हणजे वर फारशी जागा उरलेली नसते. ल्युसीज वॉर्बलर हा मेस्कीटच्या रानातला आपल्या वटवट्याएवढा पक्षी सहा-साडेसहा ग्रॅमचा, दीड चमचा साखरेएवढा. त्याच्यात पाण्याचा साठा असून असून किती असणार?

माझा स्वतःचा नियम सांगते. तुमच्या प्रमुखाचा याहून कडक असेल तर त्याचा पाळ. तीसपर्यंत अर्ध्या तासाने फेरी. तीसच्या वर गेलं की पंधरा-वीस मिनिटांनी. ज्या जाळ्यावर ऊन आलं ते लगेच मिटायचं, पारा कितीही असो. सावलीत पस्तीस झालं की सगळीच मिटायला घ्यायची. घ्यायची म्हणजे त्या फेरीतच मिटत जायचं. नंतर वेगळी फेरी मारून मिटू म्हटलं की त्या मधल्या वेळात पाच पाखरं पडतात. थर्मामीटर मोजमापाच्या टेबलाजवळ टांगू नकोस, तिथे आपण आपल्यासाठी सावली शोधलेली असते. सगळ्यात वाईट जाळ्याजवळ, झोळीच्या उंचीवर टांग. आणि जुलैच्या पावसाळी हवेत आकड्याला फसू नकोस. त्यांच्याकडेही मान्सून म्हणतात, पण तो जुलैत येतो. तो आला की हवा दमट होते, धापा टाकून पाणी उडत नाही, आणि जुलैतले चौतीस जूनच्या सदतीसपेक्षा पाखराला जड जातात. हे मी आकड्यांनी सिद्ध करून दाखवू शकणार नाही. पाखरं जाळ्यापासून टेबलापर्यंत कापडी पिशव्यांतून नेतात, त्या पिशव्या उघडून पाहिलेल्या पाखरांवरून सांगते आहे.

पारा काहीही म्हणो, पाखराकडे बघ. सावलीत धरलेलं असूनही चोच उघडी, पिसं फुगलेली, डोळे मिटू लागलेले, यातलं एक दिसलं तरी मोजमाप विसर. दाट सावलीत, शांत ठिकाणी ठेव. साखरपाण्याचा थेंब चोचीच्या कडेला लाव. स्वतःहून प्यायलं तर ठीक, चोचीत ओतायचं नाही. सावरलं की सोड. कडी राहिली तर राहिली.

सोडवण्याबद्दल तू सर्वांत जास्त घाबरली आहेस, पण तिथे फार काही गूढ नाही. पाखरू कुठल्या बाजूने आलं हे आधी शोध. झोळीचं तोंड त्याच बाजूला असतं आणि ते आलं त्याच वाटेने बाहेर येतं. जाळ्याच्या पाठीमागच्या बाजूने ओढत बसलीस तर आयुष्यभर सुटणार नाही. काही जण आधी पाय सोडवतात, काही जण आधी अंग धरून पंख आणि डोकं. दोन्ही रीती शिक, कारण पहिली अडली की दुसरी लागते. पाय सोडवताना मांडीजवळ धर, नळीला धरून ओढू नकोस. जिभेवर लक्ष ठेव: जिभेच्या मागच्या बाजूला आतल्या दिशेने वळलेले काटे असतात, धागा त्यांत अडकतो आणि बाहेर ओढला की अजून रुततो. बारीक काडीने धागा आधी आतल्या बाजूला सरकवून मग वर काढायचा. दोन-तीन मिनिटं झाली आणि गुंता सुटत नाहीये असं वाटलं की हाक मार. हाक मारायला लाज वाटणं हे नवख्यांचं नेहमीचं दुखणं. आणि खिशात लहान कात्री ठेव. जाळं शिवता येतं.

यलो-ब्रेस्टेड चॅट गोल गोल फिरून स्वतःचा गोळा करून घेतो, वर त्याची बडबड चालूच. कार्डिनल चावतो, आणि असा चावतो की पहिल्यांदा तू त्याला सोडून देशील. हरकत नाही, सगळ्यांनी सोडलेला आहे. हमिंगबर्ड तीन ग्रॅमचा. त्याला सगळ्यात आधी काढायचं आणि जाळ्याजवळच सोडायचं. त्याला कडी घालायला वेगळी परवानगी लागते.

पोटावरची पिसं झडून कातडी उघडी, सुरकुतलेली आणि गरम लागली तर ती मादी अंड्यांवर बसणारी आहे. तिचा नंबर टेबलावर पहिला. थंड देशात मादी अंडी उबवते. इथे दुपारकडे तिचं निम्मं काम अंड्यांवर सावली धरण्याचं असतं. घरटं उघड्यावर असेल तर तिची वीस मिनिटं तुझ्या पिशवीत जाणं अंड्यांना परवडत नाही. पोटात अंडं तयार असल्यासारखं फुगीर लागलं तर टेबलापर्यंत आणूच नकोस, जाळ्यापाशीच सोड.

टेबलावरचं काम, म्हणजे कडी, पंखाची लांबी, चरबी, पिसांची झड, वय, वजन, हे ते तुला तिथे रोज घोकून घेतील. मी इथे फक्त एक सांगते. कडीवर नऊ आकडी क्रमांक असतो. तो घालणाऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने उलट वाचून दाखवायचा. मी पहिल्या वर्षी मनात मराठीत वाचून इंग्रजीत बोलायचे. ‘एकोणसाठ’चं तोंडातून ‘सिक्स्टी-नाइन’ व्हायचं. दोन-दोन आकडे जोडून वाचू नकोस, एकेक सुटा म्हण.

आईच्या प्रश्नाचं उत्तर या क्रमांकातच आहे. गाणी ऐकून तू सांगू शकतेस की या रानात बेल्स व्हिरिओचे वीस नर गात आहेत. पुढच्या वर्षीही वीसच गायले तर सगळं आलबेल वाटेल. पण ते तेच वीस आहेत, की गेल्या वर्षीचे पंधरा मेले आणि बाहेरून दुसरे येऊन बसले? पिल्लं जगली का? कडीशिवाय हे कळत नाही. ल्युसीज वॉर्बलर हिवाळ्यात मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातो. तो परत येऊन त्याच मेस्कीटखालच्या त्याच जाळ्यात पडतो आणि आपण जुना क्रमांक वाचतो. अशा शेकडो परत भेटींतून दर वर्षी किती टक्के प्रौढ जगतात याचा अंदाज निघतो, आणि त्या उन्हाळ्यात हाती आलेल्या पिल्लांच्या प्रमाणावरून वीण कशी झाली याचा. संख्या घटतेय ती वीण फसल्यामुळे की परत न आल्यामुळे, हे कळलं तर उपाय इथे करायचा की मेक्सिकोत, ते ठरतं. पहिल्या वर्षी जुना क्रमांक हाती आला की तू टेबलापर्यंत पळत जाशील. पळू नकोस, वाळूत पाय अडखळतो.

एक सावधगिरी. तिथे विलो फ्लायकॅचरचा नैर्ऋत्येकडचा प्रकार राहतो, १९९५ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. त्याला गाणं वाजवून मुद्दाम पकडणं हे वेगळ्या परवान्याचं काम, नवख्याचं नाही. तुमच्या जाळ्यात चुकून पडला तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी प्रमुखाला विचारून ठेव. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बाहेरून आलेल्या टॅमॅरिस्क झुडपाने या नद्यांचे काठ व्यापले आणि विलो कमी झाल्यावर हा पक्षी टॅमॅरिस्कमध्येच घरटी करू लागला. मग टॅमॅरिस्क हटवायला त्याची पानं खाणारा भुंगेरा २००१ पासून सोडण्यात आला. तो पसरत पक्ष्याच्या मुलखात पोचला. ऐन विणीत झुडूप निष्पर्ण झालं की घरटं उन्हात उघडं पडतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भुंगेरे सोडायचं थांबवलं, पण सोडलेले भुंगेरे काही परत बोलावता येत नाहीत.

तुझ्या स्वतःच्या जिवाचं थोडक्यात. मेमध्ये पहाटे नदीच्या खोलगटात स्वेटर लागतो आणि दहाला तोच डोक्यावर घ्यावासा वाटतो. चार-पाच लिटर पाणी आणि मिठाचं काहीतरी. इथून ओआरएसच्या पुड्या ने. फेरीला निघताना आधी पायाखाली बघ, मग जाळ्याकडे. पाखरू दिसलं की नजर वर जाते आणि त्या गल्लीत रॅटलस्नेक असतो. पहाटे फार अंधारात जाळं उघडू नकोस, वटवाघळं पडतात. जुलैनंतर कोरड्या ओढ्यात गाडी लावून ठेवायची नाही. डोक्यावर निळं आकाश असताना मागे डोंगरावर पाऊस पडून लोंढा येतो. आभाळ भरलं की आमची टीम जाळी मिटून थांबायची नाही, खांबावरून उतरवून गाडीत टाकायची.

आता घरचा सराव. महाराष्ट्रात स्वतः जाळं लावून पाखरं धरायचा विचारही करू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, परवानगी घेऊन पक्ष्यांना कड्या घालते, त्यांच्या एखाद्या शिबिरात नुसतं वही लिहायला बसायला मिळालं तरी जा. घरी करता येण्यासारखं म्हणजे गुंता सोडवणं. जुनं बारीक जाळं घे, त्यात लोकरीचं लहान खेळणं गुंतव आणि एका हाताने ते धरून दुसऱ्याने सोडव. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी. मग डोळे मिटून. दोऱ्याच्या गाठी शिक. आवाज ऐक: व्हिरिओ, चॅट, ॲबर्ट्स टोही, समर टॅनेजर यांचे आवाज कानात बसले की रानात अर्धं ओझं उतरतं. आणि गाडी चालवायला शिक. वाळूच्या रस्त्यावर पिकअप चालवता येणाऱ्या माणसाला टीममध्ये जो मान असतो तो पक्षी ओळखणाऱ्यालाही नसतो.

सनस्क्रीन आणि डासांचं मलम बोटांच्या टोकांना लावायचं नाही, ते पिसांना लागतं. हातमोजेही नकोत, बोटांना धागा कळला पाहिजे.

पिशव्या मात्र इथूनच ने. तिथे मिळतात, पण जुन्या धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखं कापड मिळत नाही. माझ्या आईने पहिल्या वर्षी चाळीस शिवून दिल्या होत्या. साधारण वीस बाय पंचवीस सेंटिमीटर, तोंडाला नाडी, फिकट रंग म्हणजे शीट आणि रक्ताचा डाग लगेच दिसतो. आईला एकच सांग, शिवण आणि दोऱ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला राहू देत, दिसायला वाईट दिसलं तरी. आत राहिली की नखं अडकतात.